विलायतेंतील निवडुंग

कांटेरी झाड कोणीं मुद्दाम परसांत लावावें, त्याची निगा राखावी आणि तें मेलें म्हणून घरांत रडारड व्हावी, ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांना सांगितली असती तर त्यांनीं सांगणाऱ्याच्या बुद्धीविषयींच शंका घेतली असती. आमच्या लहानपणीं निवडुंग असे तो कुंपणाला, आणि घायपात असे तो रेल्वेच्या रुळांच्या कडेला. गुरें आंत शिरूं नयेत व दोरासाठीं वाख निघावा, एवढाच त्यांचा उपयोग. त्यांना पाणी घातलेलें मीं कधीं पाहिलें नाहीं. तोडलेलें मात्र पुष्कळदां पाहिलें, आणि तोडून फेकलेला निवडुंगाचा फड पडल्या जागीं मूळ धरतो हेंही पाहिलें. अशा चिवट जातीचें एक झाड मीं माझ्या हातानें, आणि तेंही मायेनें, मारलें. ती हकीकत सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. शिवाय आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या मुलांनीं व लेकींनीं हल्लीं थंड मुलखांत बिऱ्हाडें केलीं आहेत, आणि त्यांच्या परसांत असलें एखादें झाड लावण्याचा मोह आज ना उद्यां कोणाला तरी होणारच.

माझा वडील मुलगा इंग्लंडच्या पूर्वेस एसेक्स परगण्यांत राहतो. इ. स. २०१८ च्या मे महिन्यांत मी प्रथमच त्याच्याकडे गेलों. घरामागें लहानशी बाग, आणि त्या बागेची मालकीण म्हणजे माझी सात वर्षांची नात. एके दिवशीं आम्ही दोघें रोपांच्या दुकानांत गेलों असतां तेथें एका कुंडींत वीतभर उंचीचा घायपात दिसला. त्यावर ‘अगाव्ही अमेरिकाना’ अशी चिठी होती, आणि किंमत दहा पौंड! आमच्याकडे जें झाड कोणी फुकट नेणार नाहीं तें येथें दहा पौंडांना विकलें जावें, याचें मला हसूं आलें. पण परक्या गांवीं अचानक आपल्या आळींतला मनुष्य भेटावा तसा आनंदही झाला. झाड घेतलें.

वास्तविक तो ‘आपल्या आळींतला’ नव्हे, हें त्याच्या नांवांतच लिहिलेलें होतें. घायपात आणि फड्या निवडुंग हे दोघेही मूळचे अमेरिकेचे. आपल्याकडे ते पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. आपल्या जुन्या ग्रंथांत जी स्नुही येते ती निराळी. अमरकोशानें तिला ‘समन्तदुग्धा’ असें सुंदर नांव दिलें आहे, कारण तिला कोठेंही टोंचलें तरी दुधासारखा चीक येतो. फड्या निवडुंगाला असा चीक नाहीं. दोघांचे कांटे पाहून आपण दोघांनाही निवडुंग म्हणतों एवढेंच. कुळें मात्र अगदीं भिन्न आहेत. असो.

बागेच्या एका कोपऱ्यांत मीं खड्डा खणला. माती चिकट, ओली, कुंभाराला आवडावी अशी. तींत पोतेंभर खत मिसळलें, घायपात लावला आणि त्याच्या बुडाशीं पाण्यासाठीं सुबक आळें केलें. त्या वर्षीं जून-जुलैंत इंग्लंडांत पाऊस जवळजवळ पडलाच नाहीं. हिरवळी वाळून गवताच्या गंजीसारख्या पिवळ्या पडल्या. आमच्या घायपातानें मात्र चार नवीं पानें काढलीं. त्याचें श्रेय मीं निःसंकोचपणें स्वतःकडे घेतलें. सप्टेंबरांत परत निघतांना मास्तरकीच्या जुन्या संवयीनें एका कागदावर सूचना लिहून नातीच्या हातीं दिल्या: दर रविवारीं एक तांब्या पाणी, दिवाळीच्या सुमारास थंडी सुरू झाली कीं झाडाला प्लास्टिकचा कागद गुंडाळून सुतळीनें बांधणें, वाऱ्याला फट ठेवूं नये. पोरीनें तो कागद स्वयंपाकघरांतील भिंतीवर चिकटविला.

फेब्रुवारींत फोन आला. सूनबाईंनीं सुतळी सोडली तों आंतून कुजकट वास आला. प्लास्टिकच्या आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब साचलेले. नातीनें एक पान धरून हलविलें, तर झाडाचा सगळा वरचा भाग तिच्या हातांत आला. बुडाशीं करड्या रंगाचा नुसता लगदा. पोर फोनवर येईना. शेवटीं मुलानें सांगितलें, “अण्णा, नाताळांत आम्ही बाहेरगांवीं गेलों होतों, तेव्हां तिचे दोन रविवार चुकले. आजोबांनीं सांगितलेलें मीं केलें नाहीं, म्हणून तें मेलें, असें तिनें मनाशीं घेतलें आहे.”

मीं तिला बोलावून घेतलें आणि म्हटलें, “बाळ, तुझा कांहीं दोष नाहीं. तिकडच्या थंडीनें तें मेलें. वाळवंटांतलें झाड तें. त्याला थंडी कशी सोसणार?” त्यावर क्षणभर थांबून तिनें विचारलें, “मग शेजारच्या आजींचें कसें जगलें?”

शेजारच्या वृद्ध बाईंच्या भिंतीशीं फड्या निवडुंगाचा एक ठेंगणा जुंबाडा होता, तो मीही पाहिला होता. त्याच्यावर ना पांघरूण, ना छप्पर. तीच थंडी, तेंच गांव. मध्यें फक्त एक लांकडी कुंपण. छत्तीस वर्षें मुलांच्या शंकांना उत्तरें देण्यांत घालविलीं, पण त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. “पाहून सांगतों,” असें म्हणून मीं फोन ठेवला.

पाहूं लागलों तेव्हां पहिली गोष्ट कळली ती ही कीं, वाळवंट म्हणजे उष्ण प्रदेश हें समीकरणच चुकीचें आहे. वाळवंट म्हणजे कोरडा प्रदेश. तो थंडही असूं शकतो, आणि पुष्कळदां भयंकर थंड असतो. ओपुंशिया फ्राजिलिस नांवाचा बोटभर फडांचा निवडुंग कानडाच्या पश्चिम भागांत पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारें ५६ उत्तर अक्षांशापर्यंत, रानांत आपोआप वाढतो. लंडन याच्या पुष्कळ दक्षिणेस, साडेएक्कावन्न अंशांवर आहे. अमेरिकेंतील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट उंचीवर असून तेथें हिंवाळ्यांत कांहीं रात्रीं पारा शून्याखालीं २० अंशांच्याही खालीं जातो. तरी तेथील वनस्पति-उद्यानांत निवडुंग, घायपात व युका उघड्यावर, बर्फाखालीं, वर्षानुवर्षें उभे आहेत. एसेक्समध्यें तेवढी थंडी सहसा पडत नाहीं. तेव्हां मीं नातीला दिलेलें उत्तर साफ खोटें होतें.

मग झाड मेलें कशानें? पाण्यानें. डेन्व्हरला वर्षाकाठीं पंधरा इंचांच्या आंतबाहेर पाऊस-बर्फ पडतें आणि हिंवाळ्यांतही ऊन लख्ख असतें. लंडनला वर्षाला सुमारें २४ इंच पाऊस पडतो. पुण्याला याहून थोडा अधिकच पडतो, म्हणून आपल्याला तो आंकडा मोठा वाटत नाहीं. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आपलें काम उरकून जातो, आणि पुढें जमीन वाळते. इंग्लंडचा पाऊस बारा महिने थेंब थेंब गळत राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य क्षितिजावरून फार वर चढत नाहीं, दिवस आठ तासांचा, आणि एकदां भिजलेली चिकट माती मार्चपर्यंत वाळत नाहीं. वाळवंटी झाडाचें मूळ अशा चिखलांत थंडीचे चार महिने बुडून राहिलें कीं तें श्वासाविना गुदमरतें, बुरशी लागते, आणि कुजणें मुळापासून मानेपर्यंत चढतें. वर आमच्या सूचनेप्रमाणें प्लास्टिकची पिशवी, म्हणजे बुरशीला दमट घरच बांधून दिल्यासारखें.

या जातींच्या झाडांची थंडीशीं लढण्याची रीत समजली तेव्हां तर मला फारच लाज वाटली. शरद ऋतु लागतांच थंडी सोसणारा निवडुंग आपल्या पेशींतील पाणी कमी करूं लागतो. फड सुरकुततात, मऊ पडतात, आणि जमिनीवर लोळण घेतात. पाणी घटल्यामुळें उरलेल्या रसांतील साखर व चिकट द्रव्य यांचें प्रमाण वाढतें, आणि असा दाट रस शून्य अंशाला गोठत नाहीं. वसंतांत मुळें पुन्हां पाणी ओढतात आणि तेच फड टवटवीत होऊन उभे राहतात. म्हणजे झाड एकीकडे पाणी टाकून देऊन हिंवाळ्याची तयारी करीत असतां दुसरीकडे आम्ही त्याला दर रविवारीं तांब्याभर पाणी पाजीत होतों! उपास करणाऱ्याच्या घशांत बळेंच घास कोंबावा तसा हा प्रकार. माणसाला निदान नको म्हणतां येतें.

मीं नातीला पत्र लिहिलें. फोनवर हें बोलणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. त्यांत स्पष्ट लिहिलें कीं, आजोबांच्या सूचना चुकीच्या होत्या, आणि त्या हिंवाळ्यांत झाडाच्या हिताची जर कोणती एक गोष्ट घडली असेल तर ती म्हणजे तुझे चुकलेले ते दोन रविवार. तें पत्र तिनें आईकडून तीन वेळां वाचून घेतलें असें सूनबाईंनीं मागाहून सांगितलें. भिंतीवरचा कागद काढला गेला.

त्याच वर्षीं, २०१९ च्या मे महिन्यांत, मी पुन्हां गेलों, आणि या वेळीं खणण्याआधीं पाहण्याचें ठरविलें. एसेक्समध्येंच एल्मस्टेड मार्केट नांवाच्या गांवीं बेथ चॅटो या बाईंची प्रसिद्ध बाग आहे. त्या २०१८ सालीं, ९४ व्या वर्षीं, वारल्या. बागेंत येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या करण्याची जी जागा होती, तीच उखडून त्यांनीं १९९१-९२ च्या सुमारास तेथें खडीची बाग केली. जमीन वाळू-गोट्यांची, पाऊस वर्षाला सुमारें २० इंच. लागवडीनंतर झाडांना पाणी घालावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम. तेथें भर मुख्यतः भूमध्यसमुद्राकडच्या झाडांवर आहे, निवडुंगांवर नव्हे. पण पायाखालची खडी दाबून पाहिली तेव्हां आमचा खड्डा आणि ही जमीन यांतील अंतर मला पायालाच कळलें. नॉर्फोक परगण्यांतील ईस्ट रस्टन येथें ॲलन ग्रे व ग्रॅहॅम रोब्सन या दोघांनीं उभारलेल्या बागेंत तर ॲरिझोनाच्या वाळवंटाचा एक तुकडाच केला आहे. तेथें वर्षांतून एकदोनदां धो धो पाऊस येऊन ओढे वाहतात व पुन्हां कोरडे पडतात, त्या कोरड्या ओढ्याचें हुबेहूब रूप देण्यासाठीं शेंकडों टन दगड-खडी ओतली आहे. उत्तर समुद्र तेथून फार तर दीड-दोन मैल. त्या बोचऱ्या वाऱ्यांत घायपाताचीं निळसर पानें पाहतांना मला क्षणभर दिशाभूल झाल्यासारखें वाटलें.

या विषयावर बोलूं लागलें कीं इंग्रज मंडळी ट्रेस्कोचें नांव हटकून काढतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकापासून २८ मैलांवर सिली नांवाचीं बेटें आहेत, त्यांतलें हें एक. ऑगस्टस स्मिथ या गृहस्थानें १८३४ सालीं तेथें येऊन जुन्या मठाच्या अवशेषांभोंवतीं बाग उठविली. वारा अडविण्यासाठीं उंच झाडांच्या रांगा लावल्या. समुद्राच्या उबेनें तेथें दंव क्वचितच पडतें, त्यामुळें आफ्रिका-अमेरिकेचीं कांटेरी झाडें तेथें उघड्यावर माजतात. पण १९८७ च्या जानेवारींत तेथेंही बर्फ पडलें व कडाक्याची थंडी आली, आणि दीडशें वर्षांच्या त्या बागेंतील बहुतेक कोमल झाडें गेलीं. तींतून सावरतात तों १९९० च्या जानेवारींत वादळ आलें आणि वारा अडविणारीं बहुतेक झाडें आडवीं झालीं. बाग पुन्हां उभी केली गेली, ती आजही आहे. तेथें जाण्याचा योग मला आला नाहीं. मात्र समुद्रानें दिलेली ऊब सर्वसामान्यांना मिळत नाहीं, म्हणून ज्याला घरच्या परसांत प्रयोग करावयाचा आहे त्यानें ट्रेस्कोकडे न पाहतां डेन्व्हरकडे पाहावें, असें माझें मत आहे.

आतां आम्हीं काय केलें तें सांगतों. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशीं, म्हणजे जेथें हिंवाळ्यांतलें तिरपें ऊन पडतें तेथें, जमीन न खणतां उलट चढविली. तळाशीं विटांचे तुकडे, त्यावर दीड फूट उंचीचा उतरता ढीग. त्या ढिगांत निम्म्याहून अधिक बारीक कच, उरलेली साधी माती आणि थोडी जाड वाळू. खत अजिबात नाहीं. खतानें झाड भराभर वाढतें, पण तें वाढणें पोकळ, पाणीदार असतें, आणि पहिल्या कडक दंवांत तेंच आधीं फुटतें. मऊ बारीक वाळू मात्र टाळावी. ती मातीला सुटी करीत नाहीं, उलट गच्च बसविते. रोपें कुंडींतून काढल्यावर मुळांभोंवतींचें काळें पोषक मिश्रण झाडून टाकलें, कारण तें स्पंजासारखें पाणी धरून ठेवतें. झाडाची मान मातीच्या वर ठेवली, आणि तिच्याभोंवतीं दोन इंच नुसती खडी पसरली. बहुतेक झाडें मानेशीं कुजतात. ती कोरडी राहिली कीं अर्धें काम झालें. हें सर्व मेअखेर उरकावें, म्हणजे मुळांना पुढचा उन्हाळा सबंध मिळतो. पहिल्या उन्हाळ्यांत अधूनमधून पाणी द्यावें, सप्टेंबरपासून बंद.

आणि पांघरूण? पांघरूण नाहीं, छत्री. ऑक्टोबरांत चार खुंट्यांवर एक कांचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तिरपा बसवावा. वरचा पाऊस अडावा आणि चारी बाजूंनीं वारा खेळावा. एप्रिलमध्यें तो काढून ठेवावा.

झाडांची निवडही या वेळीं विचार करून केली. ओपुंशिया ह्युमिफ्यूसा हा लोळणारा निवडुंग उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतला. त्याला थंडी व थोडा ओलावा दोन्ही परिचित, म्हणून नवशिक्यानें त्यापासून आरंभ करावा. शेजारच्या आजींकडे तोच होता, आणि त्यांनीं दोन फड आपण होऊन दिले. दुसरा अगाव्ही पारी, डोंगराळ ॲरिझोना व न्यू मेक्सिकोंतला ठेंगणा घायपात, पानकोबीच्या गड्ड्यासारखा घट्ट. कोरडा राहिल्यास शून्याखालीं २० अंशांपर्यंत टिकतो. तिसरी युका फिलामेन्टोसा. तिच्याविषयीं एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तिला इंग्लंडांत पांढऱ्या घंटांचा मोठा तुरा येतो, पण फळ धरत नाहीं. कारण तिचे पराग वाहणारा विशिष्ट पतंग अमेरिकेंतच राहिला. झाड समुद्र ओलांडून आलें, भटजी मागें राहिला! आणि चौथा, केवळ नातीच्या हट्टासाठीं, पुन्हां तोच अगाव्ही अमेरिकाना. शून्याखालीं सात-आठ अंश ही त्याची सीमा, आणि तीही कोरडा असेल तरच, हें तिला आधींच सांगून ठेवलें.

लहान मुलें असलेल्या घरीं दोन गोष्टी सांभाळाव्या. घायपाताच्या पानाचें टोंक दाभणासारखें असतें. तें वाटेवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल अशा ठिकाणीं झाड लावूं नये, अगर टोंकें कात्रीनें छाटावीं. त्याचा रस अंगाला लागला तर खाज सुटते. निवडुंगाच्या मोठ्या कांट्यांपेक्षां बुडाशीं असलेलीं केंसासारखीं कुसळें अधिक वाईट. तीं दिसत नाहींत, आणि रुतल्यावर दोन दिवस प्रत्येक घांसाला आठवण देतात. फड उचलतांना हातमोजे पुरत नाहींत. वर्तमानपत्राची जाड घडी करून तिनें धरावा. कुसळें रुतलींच तर चोळूं नये, चिमट्यानें एकेक उपटावीं. मीं चोळलीं होतीं.

पुढें २०२० सालीं करोनाची सांथ आली आणि दोन वर्षें प्रवास बंद झाला. बागेची खबर फोनवर येई. पहिल्या हिंवाळ्यांत मुलगा घाबरून म्हणाला, “अण्णा, निवडुंग गेला. पार सुकून जमिनीला चिकटला आहे.” मागून नातीचा आवाज आला, “गेला नाहीं, त्यानें पाणी काढून टाकलें आहे. कोणी पाणी घालूं नका.” मे महिन्यांत फड उभे राहिले, पुढच्या जूनमध्यें पहिलें पिवळें फूल आलें. तें जेमतेम एक दिवस टिकलें, आणि त्या दिवशीं तिची शाळा होती.

खरी परीक्षा झाली ती २०२२ सालीं. त्या जुलैंत इंग्लंडांत पारा प्रथमच ४० अंशांच्या वर गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आठदहा दिवस सतत गोठविणारी थंडी पडली; आमच्या भिंतीवरील तापमापकानें शून्याखालीं आठ अंश दाखविले. निवडुंग, युका व पारी यांना कांहींच झालें नाहीं. अमेरिकानाचीं पानें मात्र एकामागून एक काळीं पडून लोंबलीं, आणि जानेवारींत मधला कोंबही गेला. नात या वेळीं रडली नाहीं. “आठ अंश झाले होते, आजोबा,” एवढेंच म्हणाली. कुजलेला भाग तिनें स्वतः कापून काढला, खडी सारखी केली, आणि मूळ तसेंच राहूं दिलें. जूनअखेर मी तेथें असतां खडींतून करंगळीएवढें एक निळसर पिलू वर आलें. तें आतां वीतभर झालें आहे. यंदांच्या ऑक्टोबरांत कांच बसवून झाल्याचें तिनें कळविलें आहे, आणि मला विचारलें आहे कीं, पिलू मोठें झाल्यावर शेजारच्या आजींना एक फड परत द्यावा कीं घायपात द्यावा.